रातांब्याएवढा तारा

बाळांनो,

गेल्या रविवारी थोरलीनं फोनवर विचारलं, "आजी, आजोबांना कळलं होतं का गं?" आणि मी दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. त्या प्रश्नाचं जे उत्तर माझ्याजवळ होतं ते मला द्यायचं नव्हतं, आणि ते खरं आहे याची खात्रीही नव्हती. परवा मी पोलादपूरच्या वर, आपल्या वाडीत जाऊन आले. आता खात्री आहे. फोनवर सांगायला बसले तर तुमच्यापैकी एकाची सकाळ असते, दुसऱ्याची रात्र, आणि कुणीतरी घाईत असतंच. म्हणून लिहिते आहे. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तुम्हाला आजवर लिहिलं तेही इंग्रजीतच. पण यात तुमच्या आत्याआजी बोलतात, आणि त्यांना इंग्रजीत बोलायला लावलं तर त्या त्या राहणार नाहीत. कुठे अडलं तर आईला विचारा.

क्रमानं सांगते.

धाकट्या, तू तेव्हा परीक्षांत बुडालेला होतास, म्हणून तुझ्यासाठी आधी ताऱ्याचं. तुझी ताई ज्या ताऱ्यावर काम करते तो लाल बटू जातीचा आहे. सूर्याहून लहान, मंद, तांबूस. नुसत्या डोळ्यांनी तो कुणालाच दिसत नाही. आपला सह्याद्री लाव्हारसातून घडला त्याच्या आधी तो जन्मला, तरी ताऱ्यांच्या हिशोबात पोरच. त्याच्यापासून फार दूर तिला एक फिकट ठिपका सापडला. तो ग्रह असेल, तर आपल्या गुरूच्या कितीतरी पट जड असा राक्षसी ग्रह. जन्मताना तापलेला तो अजून पुरता निवलेला नाही, आणि डोळ्यांना न दिसणारी ती धग दुर्बिणीला दिसते.

पण एकाच दिशेला दोन दिवे दिसले म्हणून ते एका घरचे ठरत नाहीत. मागचा एखादा लांबचा तारा योगायोगानं त्या जागी दिसत असेल. तेव्हा काही काळ थांबायचं आणि पुन्हा फोटो काढायचा. तारे आकाशात कणाकणानं सरकत असतात. ठिपका ताऱ्याबरोबर सरकला तर तो त्याचा सोबती. मागे राहिला तर परका.

थोरलीनं हे आम्हाला वैशाखात सांगितलं. त्याच महिन्यात डॉक्टरांनी तुमच्या आजोबांच्या हृदयाची सोनोग्राफी पाहून मला बाहेर बोलावलं होतं. हृदय ढिलं पडलं होतं, पायांवर सूज येत होती, पाणी मापून प्यायचं होतं. डॉक्टर किती दिवस ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दुसरा फोटो लवकरात लवकर येत्या शरदात. हा हिशोब आम्ही दोघांनीही मनात केला आणि एकमेकांना सांगितला नाही.

बिरवाडीकडच्या कारखान्यात ते केमिस्ट होते हे तुम्हाला माहीत आहे. मोजल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटायची नाही. त्या दिवसांत मी आमसुलं करायला रातांबे घेतले होते. फोडायला बसले तर ते आले आणि ढिगातला एक, चांगला लालभडक, उचलून टेबलावर ठेवला.

"हा तारा."

"तो मिठात जायचाय."

"एक कमी घाल." मग मोबाइलवर बराच वेळ आकडेमोड. "या मापानं तो ग्रह म्हणजे एक करवंद. आता करवंद कुठे ठेवायचं सांग."

"टेबलाच्या त्या टोकाला."

"पोलादपूरला. वाडीच्या खालच्या अंगाला कुठेतरी."

मी हिशोब पुन्हा करायला लावला. तोच आला. महाडच्या आमच्या स्वयंपाकघरात एक रातांबा, पोलादपूरच्या डोंगरात एक करवंद, आणि मधे काही नाही. त्यांनी लगेच वन्संना फोन लावला.

वन्सं म्हणजे त्यांची थोरली बहीण, तुमच्या आत्याआजी. तरुणपणीच विधवा होऊन त्या माहेरी आल्या आणि तिथेच राहिल्या. वाडीतली बहुतेक घरं कुलपात असतात. माणसं मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला तेवढी येतात. वन्सं बाराही महिने वर. बहिणीशी बोलताना ह्यांची भाषा आपोआप वाडीची व्हायची.

"बाय, अंगणाच्या गडग्यावर एक करवंद ठेव."

"खायाला?"

"नाय, ठेवायला. त्यो ग्रह हाय. नातीचा."

"तिला धाडायची तर पाटीभर धाडीन. एक काय धाडतोस?"

त्यांनी समजावून सांगितलं. फोन स्पीकरवर होता. वन्संनी सगळं ऐकून घेतलं.

"आनि ह्योच राक्षस म्हनं? येवढासा?"

"तारा रातांब्यायेवढा धरला तर."

"मंग फनसायेवढा धर ना. तुझ्या बापाच्या घरचा जातो काय?"

"फणसाएवढा धरला तर करवंद कोल्हापुराकडं ठेवावं लागंल."

"नको बाबा. तिकडं कोन हाय आपलं?" मग जरा थांबून, "रास कोनती रे त्या ताऱ्याची?"

"मीन राशीत दिसतो."

"साडेसाती चालू हाय. उशीर व्हनार."

हे हसले. त्यांना हसताना दम लागायचा, म्हणून मला ते हसणं ऐकवत नसे.

मग वाडीत जायचा हट्ट. मी ओळखीची रिक्षा ठरवली. महाड सोडल्यावर ते बाहेर पाहत म्हणाले, "इथे काही नाही." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "इथेही काही नाही." रस्त्यावर ट्रक होते, हॉटेलं होती, मुंबईच्या गाड्या होत्या. शेवटी रिक्षावाल्यानं न राहवून विचारलं, "काका, काय शोधताय? काय नाय कसं, पुढच्या वळणावर मिसळ फस्क्लास मिळते." ह्यांनी त्याला दोन्ही फळांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे आपण आत्ता आभाळात?"

वाडीत पोहोचलो तर वन्सं अंगणाच्या दगडी गडग्यापाशी काठी घेऊन बसलेल्या. "सकाळपासनं ह्यो तिसरा ग्रह. बुलबुल ठेवू देत नायत."

हे गडग्यावर टेकून महाडच्या दिशेला तोंड करून बसले. मला म्हणाले, "पोरगी सांगत होती, त्या ग्रहावरून त्याचा स्वतःचा सूर्य नुसता ठिपका दिसत असणार. आपल्या शुक्रापेक्षा जरा ठळक. ऊब अशी पोचतच नाही. एक फेरी पुरी व्हायला माणसाच्या किती पिढ्या जातील सांगता येत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "तरी धरून आहे. असला तर."

'असला तर' हे शब्द त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत. थोरली बोलताबोलता 'माझा ग्रह' म्हणायची. ते कधी म्हणाले नाहीत.

शरदात ठरलेल्या वेळी दुर्बिणीवर ढग आले, वारा सुटला, आणि तिला मिळालेली पाळी फुकट गेली. ती फोनवर रडली. पुन्हा अर्ज, पुन्हा त्यांच्या समितीचा निकाल, आणि तो तारा वर्षातले काही महिनेच नीट दिसतो, म्हणजे एक वर्ष गेलं. "पुढच्या वर्षी," हे तिला म्हणाले. "तारा कुठे पळून जात नाही." फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. त्या दिवसाचं पाणी संपलं होतं. मी दिलं.

पुढच्या वर्षी पावसाळा लागता लागता ते अंथरुणालाच लागले. निजायचंही बसून, पाठीशी उशांची चळत लावून. खिडकीतून सावित्रीच्या पाण्याचा गढूळ रंग दिसायचा, आणि पुराच्या भीतीनं खालच्या दुकानदारांची माल वर चढवायची धावपळ ऐकू यायची, दर वर्षीसारखी. रोज सकाळी चहाबरोबर त्यांचा एकच प्रश्न.

"मेल आली का?"

"नाही."

आषाढात दुसऱ्या फोटोची वेळसुद्धा आलेली नव्हती, थोरलीची मेल कुठून येणार? हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारायचे. शेजारच्या बाई मला जिन्यात म्हणाल्या, "सांगून टाका ना हो काकू, आली म्हणून. समाधान वाटेल त्यांना. आपलं काय जातं?" त्या प्रेमानंच म्हणाल्या. मला ते जमण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर पेपर तपासले, न लिहिलेल्या उत्तराला मार्क दिले नाहीत. आणि त्यांनी माझ्याशी लग्न केलं त्यातही ही एक गोष्ट होती, असं ते म्हणायचे. म्हणून रोज चहा आणि रोज 'नाही'.

अशातच एका दुपारी वन्संचा फोन आला. वर पाऊस कोसळत होता, त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"अरे, कौल लावला. उजवा दिला देवानं. त्यो त्याचा सोबतीच हाय. काळजी करू नको."

कौल म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेलं नाही. वाडीच्या देवळात गुरव देवाच्या अंगाला उजवीकडे आणि डावीकडे ओली फुलं चिकटवतो, देवाला प्रश्न घालतो आणि सगळे वाट पाहतात. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. पेरणीपासून सोयरिकीपर्यंत सगळं यावर ठरायचं. ह्यांना शिकायला मुंबईला पाठवावं का, असा कौल त्यांच्या वडिलांनी लावला होता. डावं पडलं. हे त्याच आठवड्यात एका ट्रकमध्ये बसून मुंबईला गेले. तेव्हापासून कौलाचं नाव काढलं की ते उठून बाहेर जात. आमचं लग्न, घर, तुमच्या बाबांचं परदेशी जाणं, कशासाठीही त्यांनी तो लावू दिला नाही.

त्या दुपारी त्यांना उठून बाहेर जाता येत नव्हतं. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला, तरी वन्संचं ओरडणं मला ऐकू येत होतं.

"देवानं लगेच दिला?"

"लगीच. फूल लावलं आनि पडलं."

"पाऊस किती हाय वर?"

"लय. दोन दिस उघाडच नाय."

"ओढ्याला पाणी?"

"दोनी काठ भरून."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बरं केलंस, बाय."

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी डोळे मिटले. "पोरीला यातलं काही सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी 'मेल आली का' असं विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. चहा घ्यायचे, सावित्रीकडे बघायचे. मी मनातून फार खट्टू झाले. थोरली, तुला रविवारी जे सांगता आलं नाही ते हेच. मला वाटलं, ज्या माणसानं बापाचा कौल झुगारून शिक्षण घेतलं, त्यानं शेवटी एका फुलावर विश्वास ठेवला. तुझ्या दुर्बिणीची वाट पाहणं सोडून दिलं. त्यांना कळलं होतं का? माझ्या मते कळलं होतं, पण चुकीच्या दारानं आलेलं उत्तर होतं ते. हे तुला कसं सांगायचं, आणि तुझ्या बाबांपुढे कसं बोलायचं, मला उमजत नव्हतं.

श्रावणात महाडच्या दवाखान्यात ते वारले. पाऊस होता. घाटात दरड आली होती, म्हणून वन्संना खाली उतरता आलं नाही. त्या दहाव्याला आल्या, एका कोपऱ्यात बसल्या, कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. मीही त्या फोनचा विषय काढला नाही. काढला असता तर माझ्या तोंडून काहीतरी टोचणारं गेलं असतं.

मग शरदात थोरलीची दुर्बिणीची पाळी आली. आकाश निरभ्र होतं. फोटो मिळाला, मोजमापं झाली, तिच्याबरोबरच्या लोकांनी ती पुन्हा तपासली, आणि या माघात रविवारी तिचा फोन आला. तारा सरकला होता. ठिपकाही तेवढाच, त्याच दिशेला सरकला होता. तो परका नाही. आणि लगेच तिचा प्रश्न, आजोबांना कळलं होतं का.

म्हणून परवा वाडीत गेले. बातमी वन्संच्या कानावर घालायची होती, हे कारण होतंच. वन्सं ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून सोलायला घेतले. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "नखं लाव गो, नखं. पेन धरल्यासारखी काय धरतेस शेंग?"

"वन्सं, तो ग्रह ताऱ्याचाच आहे. नक्की झालं."

त्यांचा हात थांबला नाही. "बरं झालं. पोरीच्या जिवाला घोर व्हता."

"म्हणजे तुमचा कौल खरा झाला."

"कसला कौल?"

"आषाढात तुम्ही फोन केला होतात. उजवा दिला म्हणालात."

"अगो, कौल लावील कोन?" त्यांनी आता मान वर केली. "गुरव शिमगा करून मुंबयला जातो, त्यो गनपतीला उगवतो. मधे देवाला निसता दिवा, त्योबी मीच लावते, ओढा भरला की पल्याड जाता येत नाय, मंग त्योबी नाय. त्या दिशी मी ह्या ओट्यावरनं खाली उतरले नाय."

मी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हटलं, "म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत."

"सांगितलं."

"आणि त्यांनी ते खरं मानलं."

वन्सं हसल्या. हसणं असं नव्हे, नाकातून निघालेला एक आवाज. "तुला येड लागलंय काय? त्याला म्हाईत नाय गुरव कदी येतो त्यो? त्याचा जनम हितला. भर आषाडात कौल लावला म्हनलं तर वाडीतलं शेंबडं पोर हसंल. तुम्हा पुन्यावाल्यांना काय ठावं."

"मग ते 'बरं केलंस' का म्हणाले?"

"मंग काय म्हननार? खोटं बोलतेस म्हनून भांडनार व्हता माझ्याशी, तसल्या टायमाला?" त्यांनी सोललेले दाणे टोपलीत टाकले. "मी बोलून गेले खरी. मंग त्यानं पावसाचं इचारलं. ओढ्याचं इचारलं. मी आपली भरभर सांगत सुटले, दोनी काठ भरून म्हनून. आनि सांगता सांगता मला कळलं, त्याला कळलंय. ओढा भरला असंल तर देवळात कशी गेलीस, असं इचारायचं त्यानं मनातच ठेवलं. इचारलं नाय."

मी पुण्यात वाढले, महाडात संसार केला, वाडीत सणांना गेले. गुरव आषाढात वाडीत नसतो हे मला माहीत असायला काही हरकत नव्हती. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. दिलं असतं तर श्रावणातले ते शेवटचे दिवस मी त्यांच्यावर मनातून रुसून काढले नसते.

तर थोरली, तुझं उत्तर. नाही, त्यांना कळलं नव्हतं. आणि आपल्याला कळलेलं नाही हे त्यांना शेवटपर्यंत स्वच्छ माहीत होतं. कुठल्याही फुलावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. मेलबद्दल विचारणं त्यांनी का थांबवलं, ते वन्संनाही सांगता आलं नाही. मी परतीच्या रस्त्यावर त्याचाच विचार करत होते. मला वाटतं, आयुष्यात कधी त्यांच्याशी खोटं न बोललेली बहीण त्या दुपारी खोटं बोलली, आणि त्यावरून त्यांना आपली वेळ कळली. मग मेलचं विचारण्यात काही राहिलं नाही. डॉक्टरांनी जे मला दाराबाहेर नेऊनही सांगितलं नव्हतं, ते त्यांना पावसात ओरडून बोलणाऱ्या त्या फोनमधून समजलं. हे मी तुला गोड करून सांगू शकत नाही.

तो ग्रह आहे, आणि त्याच्या ताऱ्याबरोबर आहे. ते मोजलेलं आहे आणि ते तुझं आहे. तुझे आजोबा असते तर त्यांनी आधी चूक किती धरली आहे ते विचारलं असतं, आणि मग 'असला तर' हे शब्द टाकून दिले असते. ते ऐकायचं तुझं आणि माझं, दोघींचंही राहून गेलं. धाकट्या, तुझंही. पण आपल्यापैकी कुणी त्यांना लहानपणी पाहिलेलं नाही, आणि त्या फोनवर ते काय बोलले आणि काय त्यांनी न बोलता ठेवलं, हे ऐकूनही आपल्यापैकी कुणाला उमगलं नसतं.

वन्सं वाडीत आहेत. दृष्टी चांगली आहे, कान शाबूत आहेत, गुडघे दुखतात. तुमच्या आजोबांना जन्मापासून ओळखणारं माणूस आता त्या एकट्याच आहेत.